शाळा लवकर सुटते तेव्हा मूल कुठे जातं?

‘उद्या अर्धा दिवस’ असं फळ्यावर लिहिलं की वर्गात एकच गलका होतो. माझ्या वर्गातला तिसरीचा एक मुलगा मात्र गलका न करता टेबलापाशी यायचा आणि विचारायचा, “बाई, नक्की किती वाजता सुटणार?” आधी मला वाटायचं, याला घरी जायची घाई आहे. मग एकदा नीट विचारलं तेव्हा कळलं. घराची किल्ली आईजवळ असते. आई खुरपणीला जाते ती साडेपाचला परतते. शाळा अकराला सुटणार असेल, तर मधले सहा-साडेसहा तास कुठे काढायचे हे त्याला आदल्या रात्रीच आईशी ठरवावं लागतं. मारुतीच्या देवळात, चुलतीच्या ओट्यावर, नाहीतर शाळेच्याच व्हरांड्यात.

आणि मी त्या दिवशी शाळा लवकर सोडून कुठे जायचे? केंद्रशाळेत, शिक्षण परिषदेला. म्हणजे त्याच्यासारख्या मुलांना गणित नीट कसं शिकवायचं, यावर बोलायला. त्याच सुमारास शहरात माझी स्वतःची मुलगी साडेबाराला शाळेतून सुटून रिक्षाकाकांबरोबर पाळणाघरात पोचलेली असायची. महिन्याच्या पगारातला एक मोठा वाटा त्या पाळणाघराच्या काकूंना जायचा, आणि त्या काकू आजारी पडल्या की आमच्या घरात रात्री अकरापर्यंत फोनाफोनी चालायची. त्यामुळे अर्ध्या दिवसाच्या या प्रश्नाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे. ‘मास्तरांना काय, सारख्या सुट्ट्या’ हे मी ऐकलं आहे, आणि ‘यांना पोरं सांभाळायला शाळा हवी’ असं शिक्षकांच्या खोलीत बोललेलंही ऐकलं आहे. दोन्ही वाक्यं ऐकून वाईट वाटायचं, कारण बोलणारी माणसं थकलेली असायची आणि मूळ अडचण तिसरीकडेच होती.

अर्धा दिवस कशाकशाचा असतो

आपल्याकडे शाळा लवकर सुटण्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती वेगवेगळी धरायला हवीत. शनिवारची सकाळची शाळा ही जुनी रीत. ती सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे घरं तिच्याभोवती बसवलेली असतात. उन्हाळ्यातली सकाळची शाळा उष्म्यामुळे. मार्च 2025 च्या अखेरीस राज्यभर एकच वेळ ठरवण्यात आली तेव्हा प्राथमिक शाळांसाठी ती सकाळी 7 ते 11:15 अशी होती. मुलांच्या जिवाला ऊन लागू नये म्हणून ते योग्यच, पण सव्वाअकराला पत्र्याच्या घरात एकटं परतणारं मूल काही सावलीत जात नाही, हेही खरं. शहरांत दोन पाळ्यांच्या शाळा असतात, तिथे सकाळच्या पाळीच्या मुलासाठी रोजच ‘अर्धा दिवस’ असतो. फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत असा शासनाचा निर्णय आला. त्यामागे मुलांच्या झोपेची काळजी होती. पण तो आल्या आल्या घराघरांत पहिला प्रश्न निघाला तो असा की आठला कामावर निघणाऱ्या आईबापांनी मुलाला नऊपर्यंत कोणाकडे ठेवायचं. घंटा पुढे सरकवा नाहीतर मागे, हा प्रश्न दुसऱ्या टोकाला डोकं वर काढतोच.

आणि चौथं कारण म्हणजे शिक्षकांचं प्रशिक्षण, परिषद, बैठक. दहाएक शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याला केंद्रप्रमुख असतात, आणि केंद्रातले सगळे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात. आमच्याकडे त्या दिवशी शाळा सकाळी भरायची आणि मुलांना जेवू घालून आम्ही निघायचो. पालकांचा सगळ्यात जास्त राग याच अर्ध्या दिवसावर असतो, कारण त्याचा उपयोग त्यांना दिसत नाही. तो दाखवावा म्हणून एक साधं उदाहरण देते.

‘पस्तीस’ असं उत्तर का येतं

दुसरीच्या मुलांना फळ्यावर 42 वजा 17 करायला दिलं. बरोबर उत्तर 25. वह्या गोळा केल्या तर नऊ मुलांची उत्तरं चुकलेली. वर्गात उभं राहून दिसतं ते एवढंच, की नऊ फुल्या मारायच्या आहेत. पण मुलं गेल्यावर शांतपणे वह्या उघडल्या की दिसतं, पाच जणांनी 35 लिहिलंय. पाचही जणांनी एकच चूक केली आहे. त्यांनी 2 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 मधून 2 काढले, 5 मांडले. मग 4 मधून 1 काढला, 3 मांडले. त्यांना वजाबाकी येते. त्यांना हे कळलेलं नाही की 42 मधला 4 म्हणजे चार दशक आहेत आणि त्यातला एक दशक सुटा करता येतो. उरलेल्या चारांपैकी दोघांनी बेरीज केली आहे, म्हणजे ते चिन्ह बघतच नाहीत. एकाने 24 लिहिलंय, तो बोटं मोजताना एकाने घसरला. आणि एकीने काहीच लिहिलेलं नाही, तिच्याशी बोलावं लागणार.

म्हणजे उद्या ‘हातच्याची वजाबाकी परत समजावते’ असं म्हणून तेच फळ्यावर पुन्हा केलं तर एकाच्याही उपयोगाचं नाही. पाच जणांसाठी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हवेत, रबर लावून, आणि त्यांच्या हाताने एक गठ्ठा सोडवून घ्यायला हवा. दोघांना चिन्हावर गोल करायची सवय लावायला हवी. वह्या बघणं, हे ओळखणं, गठ्ठे बांधणं, उद्याच्या तासाला बाकीचे वीस जण काय करतील ते ठरवणं, यात मला चाळीस ते पन्नास मिनिटं लागायची. एका विषयाच्या एका घटकासाठी. आमच्या शाळेत दोनच शिक्षक होते, माझ्याकडे दोन वर्ग. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, सगळं मीच शिकवायची.

याला तयारी म्हणतात. टाचण वहीत, म्हणजे पाठाच्या नोंदीच्या वहीत, चार ओळी खरडून सही घेणं ही तिची फक्त नोंद झाली. आणि परिषदेत एखादी चांगली केंद्रप्रमुख असेल तर याच 35 वर चर्चा होते. शेजारच्या गावच्या सरांनी आगपेटीच्या काड्यांऐवजी दहाच्या नोटा आणि एकेकाची नाणी वापरून पाहिली आणि मुलांना सुटे करणं लगेच कळलं, हे मला तिथेच समजलं. बाजारात सुटे मागायची सवय असलेल्या मुलांना हातचा शिकवायला त्याहून सोपं काय असणार! वाईट परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवतात, चहा होतो, फोटो निघतो. अशा दिवशी त्या व्हरांड्यात बसलेल्या मुलाची आठवण यायची आणि मन खायचं.

कायदा काय म्हणतो

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलं आहे, सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1000 तास. त्याच परिशिष्टात आणखी एक आकडा आहे जो पालकांपैकी फारच थोड्यांना माहीत असतो. शिक्षकाने आठवड्याला किमान 45 तास काम करायचं, आणि या 45 तासांत तयारीचा वेळ धरलेला आहे. म्हणजे तयारी हे शिक्षकाचं घरचं, हौसेचं काम नाही. ते नोकरीचं काम आहे, कायद्यानं मान्य केलेलं.

आता आमच्या शाळेचा हिशोब मांडू. सोमवार ते शुक्रवार साडेदहा ते पाच म्हणजे साडेसहा तास, पाच दिवसांचे साडेबत्तीस. शनिवारी सकाळी साडेतीन तास. एकूण 36. कायद्याचे 45 धरले तर 9 तास उरतात, दिवसाला दीड तास. वाचायला छान वाटतं. पण हे 9 तास कधी, कुठे, कोणत्या वेळात घ्यायचे हे कुठेच लिहिलेलं नाही. ना घंटेत, ना वेळापत्रकात.

माध्यमिक शाळेत ही अडचण थोडी कमी असते. तिथे विषयाप्रमाणे शिक्षक बदलतात, त्यामुळे प्रत्येकाला एखादा मोकळा तास मिळतो. प्राथमिकला वर्गशिक्षक सकाळच्या परिपाठापासून सुटेपर्यंत त्याच मुलांबरोबर असतो. चित्रकला, खेळ, कार्यानुभव शिकवायला वेगळं माणूस आलं तर त्या तासात वर्गशिक्षकाला वह्या बघता येतील. पण कायद्याने असे अंशकालीन निदेशक दिले ते सहावी ते आठवीला, आणि तेही पट 100 च्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला नाहीत. मधल्या सुट्टीत तर श्वास घ्यायलाही फुरसत नसते. पोषण आहार वाटायचा, पाचवीपर्यंतच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य याप्रमाणे हिशोब ठेवायचा, त्याची माहिती भरायची.

म्हणून ज्या शाळेत दिवसाच्या आत तयारीला जागा नसते, तिथे ती जागा दिवसाच्या शेवटातून कापून काढली जाते. मुलं लवकर घरी पाठवून. प्राथमिक शाळेतच अर्धे दिवस जास्त का, याचं उत्तर इथे आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने तर प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासाचे सांगितले आहेत. ते चांगलंच आहे. पण हे 50 तास येणार कुठून, हे सांगितल्याशिवाय दिले तर ते मुलांच्या तासांतून किंवा शिक्षकांच्या रविवारातून येतात.

शिवाय गळती आहेच. कायद्याच्या कलम 27 प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच बिगरशैक्षणिक कामं देता येतात. पण मतदार यादीचं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्र पातळीवरच्या अधिकाऱ्याचं, काम वर्षभर पुरतं, आणि यू-डायस, सरल या शाळेची-मुलांची माहिती भरायच्या सरकारी प्रणाली, आधारच्या नोंदी, निरनिराळी ॲप ही ‘शैक्षणिकच’ म्हणून येतात. नेटवर्कसाठी टाकीच्या पायऱ्यांवर चढून मुलांची माहिती भरणारे शिक्षक मी बघितले आहेत. त्या पायऱ्यांवर घालवलेला तास 35 लिहिणाऱ्या पाच मुलांचा होता.

सहा वर्षांची रेघ

आता दुसरी बाजू. मूल सांभाळण्यासाठी आपल्या देशात कायदे नाहीत असं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात 30 पेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघराची तरतूद होती. 2005 च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात कामाच्या जागी पाच किंवा जास्त लहान मुलं असली तर एका बाईला त्यांना सांभाळायचं काम द्यावं असं म्हटलं. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन 50 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं आलं. 2022 पासून केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमात ‘पाळणा’ योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची.

या सगळ्यांतलं वय बघा. कारखाना कायद्यात सहा वर्षांखालील. रोजगार हमीत सहा वर्षांखालील. पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षं. 2017 च्या दुरुस्तीसाठी ज्या मार्गदर्शक सूचना निघाल्या त्यांतही तेच. आणि शिक्षण हक्क कायदा कोणासाठी? सहा ते चौदा. म्हणजे सहावा वाढदिवस झाला की मूल एका कायद्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं, आणि दुसरा कायदा त्याला दिवसाचे चार-पाच तास शिकवण्याची हमी देतो, सांभाळण्याची देत नाही. शाळा सुटल्यापासून आई परतेपर्यंतचा वेळ कोणाच्याच खात्यात नाही. शिक्षण विभागाच्या नाही, महिला व बालविकासच्या नाही, कामगार विभागाच्याही नाही. सहा वर्षांचं मूल काही एकटं राहण्याइतकं मोठं नसतं. हे कायदे लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांनी गृहीत धरलं की घरी कोणीतरी असतंच. आजी असते, काकू असते, नसलीच तर मोठी बहीण असते.

त्या मोठ्या बहिणीबद्दल दोन शब्द. अर्ध्या दिवसाला धाकट्याला सांभाळायला म्हणून पाचवीतली, सहावीतली मुलगी पूर्ण दिवस शाळा बुडवते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘गै’ लागतो आणि कारणाचा रकाना तिथे नसतो.

एका ठिकाणी मात्र सरकारने हा प्रश्न पुरता मान्य केला आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवतात. मुलं शाळेत शिकतात, जेवतात आणि गावातच राहतात. आईबाप कामावर असताना मूल कुठे असेल याची जबाबदारी शाळेच्या व्यवस्थेनं घेतली पाहिजे, हे तत्त्व तिथे मान्य झालं. मग तेच दुपारच्या चार तासांना का लागू होऊ नये?

जिथे याचा विचार झाला

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टनजवळ फेअरफॅक्स नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आहे. त्या भागात मराठी कुटुंबंही बरीच आहेत. तिथे कित्येक दशकं प्राथमिक शाळा सोमवारी लवकर सुटत, शिक्षकांच्या तयारीसाठी. 2014 साली ती पद्धत बंद करून सोमवार पूर्ण केले. मग वाचन शिकवण्याबद्दल राज्याचा नवा कायदा आला, त्याचं प्रशिक्षण प्राथमिकच्या शिक्षकांना द्यायचं होतं, आणि 2024-25 मध्ये काही सोमवार पुन्हा लवकर सुटू लागले. या वेळी मात्र ज्यांना मुलाला लवकर नेणं शक्य नाही त्यांची मुलं नेहमीच्या वेळेपर्यंत शाळेतच थांबतील अशी सोय ठेवली. पालकांची कुरकुर तरीही झाली. पण ‘शिक्षकांना वेळ हवा’ हे ठरवताना ‘मग मुलं कुठे’ याचं उत्तर त्याच कागदावर लिहिलं गेलं. जर्मनीत तर 2021 च्या कायद्याने ऑगस्ट 2026 पासून पहिलीच्या मुलांना आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला आठ तास शाळा आणि सांभाळ मिळण्याचा हक्क ठरवला, आणि दर वर्षी एकेक इयत्ता वाढवत 2029 पर्यंत चौथीपर्यंत न्यायचं ठरलं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गावातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेलं. मुलं शाळेत का येत नाहीत याचा त्यांनी शोध घेतला. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरत होतं, कोणी गुरं राखत होतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. त्याला विकासवाडी म्हणाल्या. गुरं राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. घरातलं वेळापत्रक काय आहे ते आधी बघायचं आणि शाळा त्याला जोडायची, एवढी ती साधी गोष्ट होती.

गावात काय करता येतं

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं कायद्यानं दिलेलं काम आहे. खोली, कुंपण, संडास, पाण्याची टाकी या आराखड्यात येतात. दुपारी कोण थांबणार, हे कधी येत नाही. ते लिहायला कोणाची मनाई नाही.

आमच्या समितीत हा विषय निघाला तो किल्लीवाल्या मुलाच्या आईमुळे. ती एरवी बैठकीत मागे बसायची. त्या दिवशी म्हणाली, “बाई, तुम्ही मीटिंगला जा, आमचं काय म्हणणं नाही. फक्त महिनाभर आधी सांगा, आणि व्हरांड्याला कुलूप लावू नका.” दोनच मागण्या होत्या. आम्ही परिषदेची तारीख महिन्याच्या पहिल्या दिवशी दर्शनी फळ्यावर लिहायला लागलो. केंद्रप्रमुखांना तारीख आधी ठरवायची विनंती केली, त्यांनी मानली. आणि खिचडी करणाऱ्या ताई त्या दिवशी साडेचारपर्यंत थांबायला लागल्या. वाचनपेटी उघडी, सतरंजी अंथरलेली, प्यायला पाणी. सुरुवातीला सहा मुलं थांबली, मग चौदा.

ताईंचं मानधन स्वयंपाकाचं आहे. थांबण्याचं कोण देणार, यावर समितीत दोन बैठका गेल्या. ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला, तो पुढच्या मासिक सभेवर ढकलला गेला. तोवर दर परिषदेच्या दिवशी मी निघताना त्यांच्या हातात शंभर रुपये ठेवायचे आणि त्या घ्यायला तयार नसायच्या. “मुलं गावचीच आहेत की,” म्हणायच्या, आणि झाडू घेऊन व्हरांडा झाडायला वळायच्या.